घसरायचंय? आधी थांबायला शिका!

बर्फ म्हटलं की आपल्याला आठवतं मनाली, फार तर गुलमर्ग. पण उत्तराखंडातल्या औलीला जाऊन चक्क स्कीइंग शिकायचं ठरवलं तर? दोनदा कॅन्सल झालेल्या आणि तिसऱ्यांदा जमलेल्या एका ट्रिपची ही गोष्ट. सोबत तुमच्यासाठी थोडा होमवर्कही!

"स्कीइंग? तुला साधं स्केटिंग तरी येतं का रे?"

आमच्या ग्रुपमधल्या टीम लीडने सुट्टीचा अर्ज टाकला, तेव्हा त्याच्या मॅनेजरची ही पहिली प्रतिक्रिया होती. (टीम लीड हे त्याचं पद. पण तो मित्रांमध्येही तसाच वागतो, म्हणून आम्ही त्याला टीम लीडच म्हणतो!) प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आम्ही चौघं. टीम लीड, एक बँकवाली, माझी रूममेट आणि मी. चौघांनी मिळून आयुष्यात पाहिलेला बर्फ म्हणजे मनालीच्या हनिमूनवाल्या गर्दीत भाड्याचे गमबूट घालून काढलेले फोटो आणि बर्फाचा गोळा. कालाखट्टा.

तरीही डोक्यात खूळ होतं. नुसतं बर्फ बघायला नाही जायचं, काहीतरी शिकायला जायचं. आणि जिथे अख्खं पुणं भेटतं, तिथे तर मुळीच नाही. एका ट्रेकर मित्राने नाव सुचवलं... औली. चमोली जिल्हा. समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार ते तीन हजार मीटर उंचीवरचे उतार, समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी. २०११ च्या जानेवारीत पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा भरल्या, त्या डेहराडून आणि इथेच. भारत-तिबेट सीमा पोलिसांची गिर्यारोहण आणि स्कीइंगची संस्थाही इथलीच. म्हणजे जागा काही ऐरीगैरी नाही. आपल्यालाच ठाऊक नाही, इतकंच!

तिसऱ्यांदा लकी

पहिला प्लॅन झाला तो २०२० च्या शेवटी. लॉकडाऊन सैल होत होता, वर्क फ्रॉम होमने डोकं फिरलं होतं आणि 'आता कुठेही जाऊ, पण जाऊ' अशी सगळ्यांची अवस्था होती. २०२१ च्या फेब्रुवारीचा मुहूर्त काढला. ७ फेब्रुवारीला ऋषीगंगेला पूर आला. जोशीमठच्या वरच्या अंगाला, तपोवनच्या खोऱ्यात दोनशेहून जास्त माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. आम्ही बॅगा खाली ठेवल्या.

दुसरा प्लॅन जानेवारी २०२३ अखेरचा. या वेळी ठरवून लोकल गाइड शोधला होता. आणि महिन्याच्या सुरुवातीलाच टीव्हीवर जोशीमठ! घरांच्या भिंतींना रुंद भेगा, जमिनीतून फुटलेलं पाणी, धोकादायक घरांवर मारलेल्या लाल फुल्या. साडेआठशेहून जास्त इमारतींना तडे गेल्याची नोंद झाली. जोशीमठ ते औली हा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे तेव्हाच बंद करण्यात आला. औलीला जायचं तर जोशीमठवरूनच जावं लागतं. आम्ही पुन्हा कॅन्सल केलं.

कॅन्सल करायचा फोन मीच केला होता. पलीकडे आमचा गाइड. "कोई बात नहीं दीदी," तो म्हणाला, आणि अ‍ॅडव्हान्स परत कुठल्या खात्यात पाठवू ते विचारलं. घराला तडे गेलेला माणूस मला माझे पैसे परत करत होता. मी "राहू द्या" म्हटलं, तर ऐकेना. पाठवलेच.

तो फोन डोक्यातून गेला नाही. म्हणून २०२४ च्या दिवाळीनंतर पुन्हा हवा बदलली, फिरणाऱ्यांची पावलं परत औलीकडे वळू लागल्याचं कानावर आलं, तेव्हा पहिला फोन त्यालाच लावला. "भैजी, इस बार पक्का!" गढवालीत मोठ्या भावाला भैजी म्हणतात. तो हसला. "पहले बर्फ़ से पूछ लेता हूँ."

चार सुट्ट्या, नऊ दिवस

आता नोकरदारांसाठी कामाची गोष्ट. औलीचा सीझन साधारण जानेवारी ते मार्चची सुरुवात. आम्ही कॅलेंडर समोर ठेवून बसलो आणि बँकवालीने बाजी मारली. २६ फेब्रुवारी २०२५, बुधवार, महाशिवरात्र! शनिवार २२ ला निघायचं, रविवार २ मार्चला परत. नऊ दिवसांची ट्रिप आणि रजा फक्त चार. बँकेत काम करणाऱ्या मैत्रिणी याचसाठी असाव्यात.

टीम लीडने लगेच एक्सेल शीट काढली. तीन ट्रॅव्हल कंपन्यांची पॅकेजेस त्यात शेजारी शेजारी. सगळीकडे चकचकीत फोटो, 'स्नो अ‍ॅक्टिव्हिटी', 'बोनफायर नाइट'. पण दिवसाला किती तास शिकवणार? एका शिक्षकामागे किती जण? स्कीज कुणाच्या, बूट मापाचे मिळणार का? एकाही पॅकेजमध्ये याचं उत्तर नव्हतं. एका कंपनीला फोन करून विचारलं, तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, तिकडे गेल्यावर सगळं अ‍ॅडजस्ट होतं." दीडशे मीटरच्या उतारावर पायाला दोन गुळगुळीत पट्ट्या बांधून उभं असताना मला काहीही अ‍ॅडजस्ट करायचं नव्हतं!

भैजीने मात्र फोनवर आमचीच मुलाखत घेतली. वजन किती, बुटाचा नंबर काय, गुडघ्याचं जुनं दुखणं आहे का, रोज किती चालता. टीम लीडने "जिम करतो" सांगितलं. "जिम ठीक है. सीढ़ी चढ़ते हो?" टीम लीड हिंजवडीत सातव्या मजल्यावर बसतो आणि लिफ्टने जातो. त्या दिवसापासून महिनाभर तो जिन्याने गेला.

प्रयागांचा रस्ता

डेहराडूनला विमानाने उतरलो, ऋषिकेशला मुक्काम केला आणि रविवारी पहाटे पाचला गाडी सुटली. ऋषिकेश ते जोशीमठ अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मॅपवर बघून हसू नका. हे अडीचशे म्हणजे पुणे-कोल्हापूर नव्हे. नऊ-दहा तास धरून चाला. दरड कोसळली तर किती, ते दरडच ठरवणार.

रस्ता मात्र सॉलिड आहे. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी भेटतात आणि तिथून पुढे तिला गंगा म्हणतात. मग रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग. पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठच्या जरा पुढे, म्हणजे चार प्रयाग जाता जाताच होतात. माझ्या आजीने बद्रीनाथची यात्रा बसने याच रस्त्याने केली होती. मी निघताना तिने विचारलं, "थंडीत गं कशाला? देव तर बंद असतो." खरंय. हिवाळ्यात बद्रीनाथचे दरवाजे मिटतात आणि पूजा खाली जोशीमठच्या नृसिंह मंदिरात होते. देवसुद्धा सीझन बघून मुक्काम हलवतो. शहाणा आहे.

जोशीमठला पोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. गाव... म्हटलं तर नेहमीसारखं. दुकानं उघडी, मॅगीचा वास, लष्कराच्या गाड्या, शाळेच्या भिंतीवर क्रिकेटचे स्टम्प. आणि मध्येच एखादं घर, दाराला कुलूप, भिंतीवर फिकट झालेली लाल फुली. गाडीत आम्ही चौघंही एकदम गप्प झालो.

पहिला धडा : थांबा

औलीचा रस्ता जोशीमठहून साधारण पंधरा किलोमीटर, वळणावळणाचा. आमचा मुक्काम त्या रस्त्यावर एका होमस्टेमध्ये होता. सोमवारी सकाळी पडदा सरकवला आणि समोर नंदादेवी! सूर्य अजून आमच्यापर्यंत आला नव्हता, पण तिच्या माथ्यावर पोचला होता. हत्ती पर्वत, द्रोणागिरी... भैजी बोटाने एकेक दाखवत होता. हाच तो संजीवनीचा द्रोणागिरी. औलीत हनुमानाचं मंदिर आहे, पण द्रोणागिरी गावातले लोक हनुमानाची पूजा करत नाहीत. का? तर त्याने आमचा डोंगर नेला! राग अजून गेलेला नाही.

बर्फ मात्र अपेक्षेपेक्षा कमी. उताराच्या कडेला चक्क गवताचे पिवळे पट्टे. पूर्वी असं नव्हतं, भैजी म्हणाला. बर्फ कमी म्हणून औलीतल्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द करण्याची किंवा पुढे ढकलण्याची वेळ अलीकडच्या वर्षांत आलेली आहे. २०११ च्या स्पर्धांसाठी इथे कृत्रिम बर्फाची मशीन्सही आणली होती. पण मशीनला पाणी लागतं आणि मुख्य म्हणजे थंडी लागते. हवाच पुरेशी गार नसेल, तर मशीन तरी काय करणार?

आम्हाला शिकायला होता तेवढा बर्फ पुरेसा होता. स्कीचे बूट म्हणजे पायात घातलेलं प्लॅस्टिकचं प्लास्टर. त्यात घोटा हलत नाही, त्यामुळे चाल थेट रोबोची होते. बूट बाइंडिंगमध्ये 'खट्' करून अडकला की तुम्ही तयार. कशाला तयार? पडायला! मी पहिल्या तासात अकरा वेळा पडले. रूममेटने मोजले होते. ती स्वतः मोजण्याच्या पलीकडे गेली होती.

पहिला अख्खा दिवस भैजीने आम्हाला घसरू दिलंच नाही. आधी नीट पडायचं कसं. मग उठायचं कसं. मग स्की आडव्या करून एकेक पाऊल टाकत उतार चढायचा कसा. आणि मग थांबायचं कसं. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, गुडघे आत, वजन पुढे. वरून पाहिलं तर उलटा 'व्ही'. याला स्नो प्लाऊ म्हणतात. ब्रेक लावायची ही सगळ्यात पहिली पद्धत.

"भैजी, चलाना कब सिखाओगे?" टीम लीडने संध्याकाळी विचारलंच.

"चलना तो पहाड़ सिखा देगा. रुकना मैं सिखाता हूँ."

मंगळवारी आम्ही खरोखर घसरलो. सलग तीस-चाळीस मीटर, कानात वारा, पोटात गोळा आणि शेवटी थरथरत्या मांड्यांनी मारलेला तो उलटा 'व्ही'. थांबले! मी थांबले! प्रमोशनच्या पत्रापेक्षा भारी फीलिंग, प्रॉमिस.

पेन्सिलीच्या खुणा

महाशिवरात्रीला भैजीने आम्हाला जोशीमठमधल्या घरी नेलं. त्याच्या घरच्यांचा उपास, पण आमच्यासाठी स्वयंपाक केला होता. मंडुव्याची रोटी आणि गहतची डाळ. पहिला घास घेतला आणि मी चमकले. ही तर आपली नाचणीची भाकरी आणि कुळथाची आमटी! मंडुवा म्हणजे नाचणी, गहत म्हणजे कुळीथ. कोकणातली आजी आणि गढवालमधली आजी एकच दोन गोष्टी चुलीवर ठेवतात, फक्त फोडणी वेगळी. भैजीच्या आईला मी हे सांगितलं, तर तिने आणखी एक रोटी वाढली.

जेवणानंतर हात धुवायला आत गेले आणि मागच्या खोलीची भिंत दिसली. छतापासून खिडकीपर्यंत तिरकी भेग. भेगेच्या टोकापाशी पेन्सिलीने मारलेल्या छोट्या आडव्या रेघा आणि प्रत्येकीशेजारी तारीख. जानेवारी २३, मार्च २३, ऑगस्ट २३... लहान मुलाची उंची भिंतीवर मोजतात ना, तसं.

"आता वाढत नाहीये," भैजी म्हणाला. "गेल्या पावसाळ्यानंतरची खूण तिथेच आहे." तरी त्या खोलीत आता कुणी झोपत नाही. तिथे स्कीज ठेवल्यात. बारा जोड्या, भिंतीला टेकवून ओळीने. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कर्ज काढून घेतलेल्या. दोन महिन्यांत गाव बातम्यांत आलं आणि एक अख्खा सीझन त्या जोड्या दाराबाहेर निघाल्या नाहीत. हप्ता मात्र दर महिन्याला निघत होता. आमचा कॅन्सलचा फोन त्यातलाच एक.

जोशीमठ वसलंय जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर. १९७६ मध्येच मिश्रा समितीने बजावलं होतं, की इथे जड बांधकामं नकोत, उतारावरचे मोठे दगड हलवू नका. त्यानंतर हॉटेलं वाढली, रस्ते रुंदावले, सांडपाणी जमिनीत मुरत राहिलं. जवळच्या जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्याकडेही गावकरी बोट दाखवतात, प्रकल्पवाले ते नाकारतात. २०२२ च्या २७ डिसेंबरपासून अवघ्या बारा दिवसांत गावाचा काही भाग ५.४ सेंटीमीटर खचल्याचं उपग्रहाच्या चित्रांत दिसलं होतं.

मला राहवलं नाही. विचारलं, "भैजी, आमचं इथे येणं बरोबर आहे का? खचणाऱ्या गावात मजा करायला..."

तो स्कीची धार पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "दीदी, आप नहीं आओगे तो दरार भर जाएगी क्या?" थोडं थांबून म्हणाला, "और सब के सब आ गए तो भी नहीं भरेगी."

हे दुसरं वाक्य मला जास्त लागलं. पर्यटक नाही आले तर हप्ता थकणार. आणि खूप आले तर पुन्हा नवी हॉटेलं, नवे बोअर, नवं सांडपाणी, त्याच ढिगाऱ्यावर. 'ट्रॅव्हल सुरू झालं' असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्यासाठी त्याचा अर्थ रजा मंजूर झाली, इतकाच असतो.

'आज नहीं'

आमच्या ट्रिपचा क्लायमॅक्स शुक्रवारी, २८ तारखेला ठरला होता. औलीच्या वर गोरसोंचं बुग्याल आहे. बुग्याल म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण, हिवाळ्यात सगळं पांढरं. तिथवर चढायचं, वर डबा खायचा आणि येताना सोप्या उतारावरून स्की करत यायचं. टीम लीडने यासाठी नवा कॅमेरा घेतला होता.

बुधवारी रात्री वारा सुटला. गुरुवारी सकाळपासून बर्फ. सुरुवातीला आम्ही वेड्यासारखे अंगणात नाचलो. दुपारी बर्फ घोट्यावर आला, संध्याकाळी पिंडरीवर. रात्री जेवताना भैजीने सांगितलं, "कल गोरसों नहीं."

टीम लीडचं तोंड उतरलं. "पण भैजी, आता तर मस्त बर्फ आहे. याचीच तर वाट बघत होतो. आणि आपण पैसे भरलेत गोरसोंचे."

भैजीने ताटात बोटाने दाखवलं. खाली जुना, कडक झालेला थर. त्यावर एका दिवसात पडलेला नवा, जड थर. दोघांची अजून ओळख झालेली नाही. मोठ्या हिमवर्षावानंतरचे एक-दोन दिवस सगळ्यात वाईट. आणि हिमस्खलन बहुतेक वेळा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतं, म्हणजे नेमकं जिथे स्की करायला मजा येते तिथेच. गोरसोंची वाट तशी सौम्य आहे, पण तिच्या वरच्या बाजूचे उतार सौम्य नाहीत. "आप रास्ता देखते हो. मैं रास्ते के ऊपर देखता हूँ." गोरसोंच्या दिवसाचे पैसे त्याने हिशेबातून वजा केले. स्वतःहून.

शुक्रवारी सकाळी खिडकीबाहेर सगळं पांढरं आणि चिडीचूप. टीम लीड फुगून बसला होता. मोबाइलला रेंज येत-जात होती. दुपारच्या सुमारास बँकवालीच्या फोनवर तिच्या वडिलांचे सात मिस्ड कॉल एकदम आले. पाठोपाठ बातमी. पहाटे बद्रीनाथजवळ, माणा गावाच्या अलीकडे, सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या तळावर हिमकडा कोसळला. ५४ कामगार गाडले गेले. माणा जोशीमठपासून पन्नासेक किलोमीटरवर.

त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही. शनिवारी हवा उघडली आणि हेलिकॉप्टरचा आवाज सुरू झाला. वाचलेल्यांना जोशीमठच्या लष्करी रुग्णालयात आणत होते. आम्ही खाली उतरत होतो, तेव्हा रस्त्यावरची सगळी माणसं मान वर करून उभी होती. ४६ जण वाचले. ८ जण गेले. ते रस्ते मोकळे ठेवणारे लोक होते. आमच्यासारख्यांची आणि आजीसारख्यांची वाट मोकळी व्हावी म्हणून बर्फात राहणारे.

गाडीत बसताना टीम लीडने भैजीला मिठी मारली. 'सॉरी' म्हणाला. आणि वजा केलेले गोरसोंचे पैसे त्याच्या खिशात कोंबले. भैजी नको नको म्हणत होता. या वेळी आम्ही ऐकलं नाही.

मग जायचं की नाही?

जायचं. पण कसं, ते आधी ठरवून.

गुलमर्गला गंडोला आहे, ओळखलेले उतार आहेत, मदतीला माणसं आहेत. कमी माहितीच्या ठिकाणी यातलं बरंच काही नसतं. तिथे तुमची लिफ्ट, तुमची सूचनांची पाटी आणि तुमची अ‍ॅम्ब्युलन्स, सगळं मिळून एकच असतं : तुमचा गाइड. म्हणून आधी हॉटेल, मग विमान, मग 'तिकडे गेल्यावर बघू गाइडचं' हा क्रम उलटा करा. आधी माणूस शोधा. आणि तो 'हो' किती गोड म्हणतो यापेक्षा 'नाही' म्हणू शकतो का, ते बघा. 'नाही' म्हटल्यावर त्याचं नुकसान होणार नाही, अशी बोली आधीच करा. हवेमुळे रद्द झालेल्या दिवसाचेही पैसे देऊ, हे एक वाक्य आपण बोललो की त्याचा निर्णय मोकळा होतो आणि आपला जीव सुरक्षित. सौदा महाग नाही.

टीम लीडने पुढच्या सीझनची एक्सेल शीट उघडली आहे. त्यात आता एक नवा कॉलम आहे : 'काहीच न करण्याचे दिवस – २'. गोरसों अजून बाकी आहे ना!

औलीचं प्लॅनिंग, शॉर्टमध्ये

कधी : जानेवारी अखेर ते मार्चची सुरुवात. तारखा एक-दोन दिवस मागेपुढे करता येतील अशाच घ्या. बर्फाची खात्री कुणीही देऊ शकत नाही, आणि देत असेल तर त्याच्याकडे बुकिंग करू नका!

कसं : डेहराडून किंवा हरिद्वार, पुढे ऋषिकेशहून पहाटेची गाडी. रात्री घाटात प्रवास नको. रोपवे जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला आणि आम्ही गेलो तेव्हाही बंदच होता, त्यामुळे रस्त्यानेच जायचं असं धरून चाला.

कोर्स : गढवाल मंडळ विकास निगम औलीत सात आणि चौदा दिवसांचे कोर्स घेत आलं आहे. पद्धतशीर शिकायचं असेल तर गुलमर्गची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था हेही पर्याय आहेत. जागा लवकर भरतात.

गाइडला विचारा : प्रशिक्षण कुठे घेतलं? एका शिक्षकामागे किती जण? स्की, बूट, हेल्मेट मापाचं मिळेल का? जखमी झालं तर सगळ्यात जवळचं रुग्णालय कुठलं, गाडी कुठे उभी असते? सपाट शिकाऊ उताराच्या वर जाणार असाल तर प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडं असणार का? हिमस्खलनाचा इशारा पाहिला का? चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधनातली संस्था असे इशारे देते.

विमा : बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. बारीक अक्षरं वाचा.

बॅगेत : थर्मल, वॉटरप्रूफ पॅन्ट आणि ग्लोव्ह्ज, लोकरी मोजे, गॉगल, सनस्क्रीन (बर्फावरून परतणारं ऊन जाम भाजतं). जीन्स घरी ठेवा. ओली झाली की ती दगड होते.

राहायचं कुठे : नव्या मोठ्या हॉटेलपेक्षा स्थानिकांच्या घरात. पाणी जपून वापरा, कचरा सोबत खाली आणा.

शरीर : निघण्याआधी महिनाभर जिने. पोचल्यावर पहिला दिवस आराम, तीन हजार मीटर उंची डोकं दुखवू शकते.

औली झालं, पुढे काय?

दयारा बुग्याल : उत्तरकाशी जिल्हा. रैथल किंवा बारसू गावातून चढायचं. लिफ्ट नाही, म्हणजे आधी पायांनी कमवायचं, मग घसरायचं. थोडं स्कीइंग येत असेल तरच.

मुनस्यारी : पिथौरागढ जिल्ह्यात, समोर पंचचुली. वरच्या खलिया टॉपचे उतार गाइडसोबतच.

नारकंडा : सिमल्याहून सोपं. नवशिक्यांना छोट्या सुट्टीत जमण्यासारखं.

काराकोल, किर्गिझस्तान : पासपोर्टवर शिक्का हवा असेल तर! सोव्हिएत काळात खेळाडूंच्या सरावासाठी वापरलेले उतार आणि वरून दिसणारा इस्सिक-कुल, कडाक्याच्या थंडीतही न गोठणारा तलाव. राजधानी बिश्केकहून रस्त्याने सहाएक तास. व्हिसाचे नियम निघण्याआधी तपासून घ्या.

यातलं कुठलंही निवडा. फक्त पहिल्या दिवशी घसरायची घाई करू नका. आधी तो उलटा 'व्ही' पक्का करा. मग कधी निघताय?